रशियन चित्रपट दाखवा, पण त्याच्या परवान्याची गोष्टही सांगा

महाराष्ट्र आणि गोव्यातील फिल्म सोसायट्यांच्या व चित्रपट महोत्सवांच्या संयोजकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात एका फिल्म सोसायटीत रशियन दिग्दर्शक आंद्रेई झ्व्यागिन्त्सेव यांचा ‘लेव्हायथन’ दाखवला गेला. खेळ संपल्यावर नेहमीप्रमाणे चर्चा झाली. उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या त्या किनाऱ्याबद्दल आणि वाळूत रुतलेल्या देवमाशाच्या सांगाड्याबद्दल बरेच बोलणे झाले. मग तिसऱ्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उठून म्हणाले, “श्रेयनामावलीत रशियाच्या संस्कृती मंत्रालयाचे नाव आहे. सरकारच्या पैशातून सरकारचेच वाभाडे काढणारा चित्रपट तिथे निघत असेल, तर गळचेपी आहे असे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर संयोजकांकडे नव्हते, माझ्याकडेही नव्हते. सभागृह रिकामे करून द्यायची वेळ झाली आणि प्रश्न तसाच राहिला. तो माझ्या मनातून गेला नाही, म्हणून मी या विषयाच्या मागे लागलो, आणि जे हाती लागले ते आपणा सर्वांसमोर मांडावे असे वाटले.

माझे म्हणणे असे की आजच्या रशियातला कोणताही चित्रपट केवळ पडद्यावर जे दिसते त्यावरून कळत नाही. तो कोणत्या वर्षी निघाला, पैसा कोणी दिला, प्रदर्शनाचा परवाना मिळाला की नाकारला गेला, मिळाल्यावर टिकला का, आणि दिग्दर्शक आज कुठे आहे, हे कळल्यावाचून त्या चित्रपटाचे राजकारण समजत नाही. आणि आपल्या कार्यक्रमपत्रिकांमध्ये नेमकी हीच माहिती नसते. कथासूत्र असते, पुरस्कारांची यादी असते, कधी सोव्हिएत काळातले दिग्दर्शक तारकोव्हस्की यांच्या परंपरेचा उल्लेख असतो.

‘लेव्हायथन’पासूनच सुरुवात करतो. कोल्या नावाच्या साध्या मेकॅनिकची समुद्राकाठची जागा गावच्या महापौराला हवी असते आणि न्यायालय, पोलीस, चर्च हे सगळे मिळून ती त्याच्या पदरात टाकतात. त्यातला न्यायालयाचा प्रसंग ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल: न्यायाधीश बाई निकालपत्र इतक्या वेगाने वाचतात की शब्दाला शब्द चिकटून जातो, आवाजात चढ नाही की उतार नाही, आणि समोर उभ्या माणसाचे घर त्या वाचनात संपून जाते. महापौराच्या कचेरीत भिंतीवर पुतिन यांची तसबीर आहे. सहलीच्या प्रसंगात मंडळी नेमबाजीसाठी जुन्या सोव्हिएत नेत्यांच्या तसबिरी बाहेर काढतात, आणि सध्याच्या नेत्यांचे काय असे विचारल्यावर, अजून पुरेसा काळ लोटलेला नाही, अशा अर्थाचे उत्तर मिळते. हा चित्रपट 2014 साली कान महोत्सवात पटकथेचा पुरस्कार घेऊन आला, जानेवारी 2015 मध्ये त्याला गोल्डन ग्लोब मिळाला आणि त्याच्या खर्चाचा काही भाग खरोखरच सरकारी होता.

पण चित्रपट पूर्ण झाल्यावर जे घडले ते त्या संध्याकाळी आम्हाला कोणी सांगितले नाही. तेव्हाचे संस्कृतीमंत्री व्लादिमीर मेदिन्स्की यांनी हा चित्रपट आपल्याला रुचला नसल्याचे जाहीरपणे सांगितले. 1 जुलै 2014 पासून पडद्यावर शिवराळ शब्द उच्चारण्यास कायद्याने बंदी आली. या चित्रपटातली माणसे तर व्होडका पीत जशी बोलतात तशीच बोलतात, त्यामुळे फेब्रुवारी 2015 मध्ये तो रशियन चित्रपटगृहांत आला तेव्हा जागोजागी आवाज बंद केलेला होता. झ्व्यागिन्त्सेव यांनी पुढचा चित्रपट ‘लव्हलेस’ सरकारी पैशाशिवाय, परदेशी निर्मात्यांच्या साहाय्याने केला. त्यालाही 2017 साली कानमध्ये ज्युरी पुरस्कार मिळाला. तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या त्या गृहस्थांना माझे उत्तर असे आहे: आपण पाहिलेला चित्रपट हे एका दाराचे चित्र आहे, आणि ते दार त्याच सुमारास बंद होत होते.

ते दार बंद करण्याचे साधन दिसायला अगदी साधे आहे. रशियात कोणताही चित्रपट चित्रपटगृहात लावायचा तर संस्कृती मंत्रालयाचा प्रदर्शन परवाना लागतो. आपल्याकडे सेन्सॉर प्रमाणपत्र असतेच, मग यात वेगळे काय, असे कोणी म्हणेल. वेगळेपण दोन गोष्टींत आहे: हा परवाना मंत्रालय स्वतः देते, आणि दिलेला परवाना ऐनवेळी काढूनही घेते. स्टालिनच्या मृत्यूनंतरच्या सत्तासंघर्षावरची ‘द डेथ ऑफ स्टालिन’ ही ब्रिटिश विनोदी फिल्म 25 जानेवारी 2018 रोजी लागायची होती. परवाना मिळालेला होता. काही सिनेकर्मींनीच मंत्र्यांना पत्र लिहून तक्रार केली, आणि प्रदर्शनाला दोन दिवस उरले असताना परवाना रद्द झाला. मॉस्कोतल्या ‘पायोनियर’ या चित्रपटगृहाने तरीही ती दाखवली, तेव्हा तिथे पोलीस पोचले. त्याच महिन्यात ‘पॅडिंग्टन 2’ या लहान मुलांच्या अस्वलपटाचेही प्रदर्शन आदल्या दिवशी थांबवले गेले, कारण देशी चित्रपटांना पडदे मोकळे हवे होते. चित्रपटगृहवाल्यांनी ओरड केल्यावर दोन दिवसांनी तो लागला. म्हणजे हाच कागद कधी इतिहासाची राखण करतो आणि कधी बाजारपेठेची.

परवाना नाकारण्याचे जे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे वाटावे ते अलेक्सांद्र सोकुरोव यांचे. या दिग्दर्शकाचे चित्रपट आपल्याकडे अनेक संस्थांनी आदराने दाखवले आहेत. त्यांच्या ‘फेअरीटेल’मध्ये स्टालिन, हिटलर, मुसोलिनी आणि चर्चिल जुन्या चित्रफितींतून उचललेल्या प्रतिमांच्या रूपाने परलोकाच्या दाराशी घुटमळतात. हा चित्रपट 2022 साली लोकार्नो चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. रशियात त्याला 2023 मध्ये परवाना नाकारण्यात आला. सोकुरोव यांनी नालचिक या कॉकेशसमधल्या शहरात एक कार्यशाळा चालवली होती आणि तिथून कांतेमिर बालागोव आणि किरा कोवालेंको यांच्यासारखे दिग्दर्शक निघाले. युक्रेनवरील 2022 च्या रशियन आक्रमणानंतर हे दोघेही देश सोडून गेले. ही हानी कोणत्याही आकड्यात बसणारी नाही, आणि ती आपल्या पत्रिकेतल्या ‘समकालीन रशियन सिनेमा’ या शीर्षकाखाली कुठेच दिसत नाही, याचे मला वाईट वाटते.

चित्रपटाच्या आधी दूरचित्रवाणी गेली होती, हेही लक्षात ठेवायला हवे. 1990 च्या दशकात एन.टी.व्ही. या खासगी वाहिनीने चेचन्या या रशियातल्या फुटू पाहणाऱ्या प्रांतातील पहिल्या युद्धाचे जे वार्तांकन केले ते सरकारला झोंबणारे होते. तिच्यावर ‘कुक्ली’ म्हणजे ‘बाहुल्या’ हा कार्यक्रम लागत असे आणि त्यात राज्यकर्त्यांच्या रबरी बाहुल्या बोलत असत. पुतिन मार्च 2000 मध्ये निवडून आले, जूनमध्ये वाहिनीचे मालक व्लादिमीर गुसिन्स्की यांना अटक झाली आणि एप्रिल 2001 मध्ये सरकारच्या वर्चस्वाखालील गाझप्रॉम कंपनीने वाहिनी ताब्यात घेतली. पुढच्या वर्षी बाहुल्याही गेल्या. दुसरीकडे सरकारी वर्चस्वाखालच्या ‘पहिली वाहिनी’ (चॅनेल वन) या वाहिनीचे प्रमुख कॉन्स्तान्तिन एर्न्स्ट 1999 पासून त्याच खुर्चीवर आहेत. 2004 साली तिकीटखिडकीवर विक्रम करणाऱ्या ‘नाइट वॉच’चे ते निर्माते होते, आणि 2014 च्या सोची ऑलिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्यामागेही तेच होते. बातम्या, मोठे चित्रपट आणि राष्ट्रीय सोहळे अशा तऱ्हेने एकाच हातात आल्यावर ‘सिनेमा’ आणि ‘प्रचार’ असे दोन डबे करून चालत नाही.

तरीही सगळे वरूनच लादले जाते असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. या बाबतीत ‘पानफिलोवचे 28’ या 2016 च्या युद्धपटाची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नोव्हेंबर 1941 मध्ये मॉस्कोच्या वेशीवर, दुबोसेकोवो या रेल्वे थांब्याजवळ, अठ्ठावीस सैनिकांनी जर्मन रणगाडे अडवले आणि सगळे धारातीर्थी पडले, अशी ही कथा सोव्हिएत मुलांना शाळेतून शिकवली जाई. तिथे लढाई झाली आणि माणसे मेली, यात शंका नाही. परंतु अठ्ठावीस वीरांची ही विशिष्ट कथा लष्करी वृत्तपत्राने रचलेली होती, असा निष्कर्ष खुद्द सोव्हिएत लष्करी अभियोक्त्यांनी 1948 च्या चौकशीत काढला होता. राज्य अभिलेखागाराचे संचालक, इतिहासकार सेर्गेई मिरोनेंको यांनी 2015 मध्ये ती कागदपत्रे प्रसिद्ध केली. मंत्री मेदिन्स्की संतापले. 2016 च्या मार्चमध्ये मिरोनेंको संचालकपदावरून गेले आणि नोव्हेंबरमध्ये चित्रपट लागला. त्याआधी पुतिन यांनी तो कझाकस्तानच्या अध्यक्षांबरोबर बसून पाहिला होता. इथपर्यंत ही गोष्ट आपल्या अपेक्षेप्रमाणेच चालते. पण या चित्रपटाची सुरुवात हजारो सामान्य माणसांनी दिलेल्या लोकवर्गणीतून झाली होती, आणि सरकारी पैसा नंतर आला. लोकांना ही कथा हवी होती. ज्यांचे आजोबा त्या युद्धातून परतले नाहीत त्यांना कोणीतरी ती पडद्यावर जिवंत करून द्यायला हवी होती. सत्तेने ती भूक ओळखली आणि तिच्यावर आपला शिक्का मारला. वीरकथा आणि अभिलेख यांच्यातले भांडण महाराष्ट्राला काही नवे नाही, त्यामुळे या चित्रपटावर आपल्याकडे फार चांगली चर्चा होऊ शकेल. आजवर ती झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

लोकांना जे नको असते ते मात्र पैसा ओतूनही खपत नाही. रशियाला क्रीमियाशी जोडणाऱ्या नव्या पुलाच्या विषयावर 2018 साली एक प्रणयविनोदी चित्रपट काढण्यात आला. त्याची पटकथा सरकारी परदेशी वाहिनी ‘आर.टी.’च्या प्रमुख मार्गारिता सिमोन्यान यांची होती, दिग्दर्शक त्यांचे पती होते आणि अनुदान सरकारी चित्रपट निधीचे होते. प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरवली. ऑगस्ट 2023 मध्ये ‘द विटनेस’ हा युक्रेनवरील आक्रमणाचे समर्थन करणारा कथापट चित्रपटगृहांत आला, आणि मोकळ्या खुर्च्यांसमोर चालला. त्याच वर्षीच्या जानेवारीत ‘चेबुराश्का’ या मोठ्या कानांच्या बालप्रिय प्राण्यावरच्या चित्रपटाने सात अब्ज रूबलांच्या आसपास गल्ला जमवून रशियन चित्रपटांचा उच्चांक केला होता. हॉलिवूडच्या मोठ्या कंपन्या मार्च 2022 मध्ये निघून गेल्यामुळे पडदे रिकामे होते, हे त्यामागचे एक कारण. त्या रिकाम्या पडद्यांवर दुसरीही एक युक्ती सुरू झाली: तिकीट एखाद्या रशियन लघुपटाचे काढायचे, आणि त्या लघुपटाआधी ‘मोफत सेवा’ म्हणून विनापरवाना मिळवलेला नवा अमेरिकन चित्रपट दाखवायचा. युद्ध चालू असलेल्या देशात संध्याकाळी घराबाहेर पडणारा माणूस युद्ध पाहायला जात नव्हता, एवढे यावरून नक्की कळते.

या सगळ्या गुंत्याचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे जानेवारी 2024 मध्ये आलेला ‘द मास्टर अँड मार्गारिता’. सेन्सॉरने गिळलेल्या लेखकाची ही कथा. ती लिहिणाऱ्या मिखाइल बुल्गाकोव यांना ती आपल्या हयातीत छापून आलेली पाहता आली नाही. चित्रीकरण आक्रमणापूर्वी, 2021 मध्ये झालेले. पैशाचा मोठा वाटा सरकारी निधीचा. दिग्दर्शक मायकेल लॉकशिन आक्रमणाच्या विरोधात आणि युक्रेनच्या बाजूने उघडपणे लिहिणारे. चित्रपट लागताच युद्धसमर्थकांनी त्यांच्यावर गुन्हा दाखल करण्याची मागणी केली, आणि प्रेक्षकांनी दोन अब्ज रूबलांहून अधिक रकमेची तिकिटे काढली. हा सरकारी चित्रपट म्हणायचा की सरकारविरोधी? मला वाटते, हा प्रश्न चित्रपटाआधी प्रेक्षकांसमोर ठेवला, तर कोणत्याही रसग्रहणापेक्षा अधिक काम होईल.

चित्रपटगृहाबाहेरच्या पडद्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण पुढची पिढी तिथेच पाहते. 3 मार्च 2022 रोजी ‘दोझ्द’ म्हणजे ‘पाऊस’ या स्वतंत्र वाहिनीचे सगळे कर्मचारी युद्धाला नकार देत स्टुडिओतून उठून गेले आणि त्यानंतर पडद्यावर ‘स्वान लेक’ या बॅलेचे चित्रण सुरू झाले. ऑगस्ट 1991 मध्ये मॉस्कोत उठाव झाला तेव्हाही सरकारी दूरचित्रवाणी हेच बॅले दाखवत राहिली होती, त्यामुळे पाहणाऱ्यांना एका शब्दाचीही गरज पडली नाही. दुसऱ्याच दिवशी लष्कराविषयी ‘खोटी’ माहिती पसरवल्याबद्दल पंधरा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करणारा कायदा आला. दहा दिवसांनी पहिल्या वाहिनीतल्याच संपादक मारिना ओव्स्यानिकोवा रात्रीच्या बातम्या चालू असताना निवेदिकेच्या मागे हाताने लिहिलेला फलक घेऊन उभ्या राहिल्या. त्यावर युद्ध थांबवा, प्रचारावर विश्वास ठेवू नका, असे लिहिलेले होते. काही सेकंदांत दृश्य बदलले. त्याच वाहिनीत वर्षानुवर्षे काम केलेल्या बाईंनी त्या काही सेकंदांसाठी आपले सगळे आयुष्य पणाला लावले, हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे आणि दरवेळी माझी नजर निवेदिकेकडे जाते: ती वाचत राहते, आवाज किंचित चढवते, मागे वळून पाहत नाही.

पुतिन यांचे विरोधक नेते अलेक्सेई नवाल्नी यांच्या चमूने, पुतिन यांचा म्हणून दाखवलेल्या काळ्या समुद्राकाठच्या राजवाड्यावर केलेला शोधपट जानेवारी 2021 मध्ये यूट्यूबवर आला आणि काही दिवसांतच दहा कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला. नवाल्नी 16 फेब्रुवारी 2024 रोजी उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या खार्प येथील तुरुंगात मरण पावले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यापासून रशियात यूट्यूब इतके संथ झाले की पाहणे मुश्कील व्हावे. आता ऑनलाइन मालिकांनाही सरकारी संस्थेचे अनुदान मिळते. 2023 च्या अखेरीस गाजलेली, 1989 च्या कझान शहरातल्या किशोरवयीन टोळ्यांवरची मालिका अशाच अनुदानातून निघाली. ती चांगली आहे, तिच्यात सत्य आहे, युक्रेनमधली मुलेसुद्धा ती चोरून पाहत होती, आणि तिच्यावर बंदीची मागणी रशियातल्याच अधिकाऱ्यांनी केली होती.

या विषयावर एकच चित्रपट दाखवायचा असेल तर मी ‘मिस्टर नोबडी अगेन्स्ट पुतिन’ सुचवीन. उरल पर्वतातल्या काराबाश या तांबे गाळणाऱ्या, धुराने काळवंडलेल्या गावातल्या शाळेत पावेल तालान्किन हे कार्यक्रम जमवण्याचे आणि त्यांचे चित्रण करण्याचे काम करीत. सप्टेंबर 2022 पासून देशभरच्या शाळांत दर सोमवारी देशभक्तीचे तास सुरू झाले, आणि ते झाल्याचा पुरावा म्हणून चित्रण करून वर पाठवण्याचे काम त्यांच्यावर आले. एकच कॅमेरा, एकच चित्रण: सरकारला त्यात आज्ञापालन दिसले, आणि तेच चित्रण देशाबाहेर नेल्यावर जगाला एक शाळा हळूहळू कशी बदलत गेली ते दिसले. पडदा आणि सत्ता यांचे नाते याहून जवळून दाखवणारे दुसरे काही माझ्या पाहण्यात नाही.

आता माझी विनंती. रशियन चित्रपटांवर सरसकट बहिष्कार घालावा असे मी म्हणत नाही. युक्रेनच्या चित्रपट अकादमीने फेब्रुवारी 2022 मध्ये तशी हाक दिली होती, आणि ज्यांच्या घरांवर क्षेपणास्त्रे पडत होती त्यांना ती देण्याचा पूर्ण अधिकार होता. युक्रेनचेच दिग्दर्शक सेर्गेई लोझनित्सा यांनी सरसकट बहिष्काराला विरोध केला आणि अकादमीने त्यांना काढून टाकले. मला लोझनित्सा यांचे पटते, कारण सरसकट बहिष्काराचा पहिला फटका सोकुरोव आणि बालागोव यांनाच बसतो. परंतु दाखवायचे तर माहितीसह दाखवले पाहिजे, आणि ‘20 डेज इन मारियुपोल’सारखा युक्रेनचा चित्रपट त्याच महिन्याच्या कार्यक्रमात असला पाहिजे.

आपल्या चळवळीचा रशियाशी जुना जिव्हाळा आहे, हे मी जाणतो. माझ्या पिढीने सिनेमा पाहायला शिकले ते ‘बॅटलशिप पोटेमकिन’ आणि ‘बॅलड ऑफ अ सोल्जर’ पाहून, आणि त्यांच्या प्रती सोव्हिएत वकिलातीकडून मोफत येत असत. त्या काळीही प्रत कोण देते आणि का देते हे आम्ही विचारले नाही. त्या चुकीत मीही होतो. वकिलातीकडून किंवा सांस्कृतिक केंद्राकडून आजही चित्रपट मिळत असतील तर ते जरूर घ्यावेत, पण ते तिथून आल्याचे पत्रिकेवर छापावे, आणि त्या यादीत जे चित्रपट कधीच येणार नाहीत ते दुसऱ्या मार्गाने मिळवून वर्षातून निदान दोन तरी दाखवावेत. पत्रिकेत कथासूत्राखाली चार ओळी वाढवायच्या आहेत: पैसा, परवाना, प्रदर्शनाच्या वेळी काय झाले, आणि दिग्दर्शक आज कुठे आहे. याला खर्च नाही. थोडे वाचन लागेल, आणि ते वाटून घेता येईल.

‘लेव्हायथन’साठी असे एक पानी टिपण मी मराठीत तयार केले आहे. ‘लव्हलेस’ आणि ‘पानफिलोवचे 28’ यांची टिपणे महिनाभरात पूर्ण होतील. ज्या संस्थेला हवी असतील तिने ती निःसंकोच छापावीत, माझे नाव घालण्याची गरज नाही. ‘लेव्हायथन’च्या टिपणाची पहिली प्रत मात्र त्या सोसायटीच्या कार्यवाहांकडे मी आजच देत आहे, आणि ती तिसऱ्या रांगेतल्या त्या गृहस्थांपर्यंत त्यांनी पोचवावी, एवढी विनंती आहे.

आपला नम्र,
फिल्म सोसायटीचा एक जुना सभासद